गिअरबॉक्स खाली घ्यायच्या आधी: क्लचच्या कामाची तयारी

सप्टेंबरात साताऱ्याजवळ कासला फुलं बघायला गर्दी झाली की यवतेश्वर घाटात गाड्यांची रांग लागते, चढावर हाफ क्लचवर गाडी तोलून धरायची, दोन फूट पुढं घ्यायची, परत थांबायचं, आणि मग आत तो जळका वास यायला लागतो. माझ्या गाडीची क्लच प्लेट अशीच गेली. तेव्हा गॅरेजवाल्यानं फक्त प्लेट बदलली, रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं बेअरिंग) जुनंच ठेवलं, आणि चारच महिन्यांत क्लच दाबला की चर्र आवाज यायला लागला, म्हणजे परत गिअरबॉक्स खाली, परत मजुरी. या कामात खरा ताप गिअरबॉक्स उतरवायचा असतो, म्हणून तो एकदाच उतरला पाहिजे आणि त्यासाठी सगळं सामान आधी हाताशी पाहिजे.

सगळ्यात आधी प्लेटच गेलीय का बघा. मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरला 40-50 च्या स्पीडला अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनचा आवाज चढतोय पण गाडी ओढत नाही, तर प्लेट स्लिप होतेय. पण गिअर टाकताना करकर होत असेल, रिव्हर्स दात खाऊनच पडत असेल, तर घाई करू नका, तिथं क्लच पूर्ण सुटत नसतो आणि ते केबल ताणल्यामुळं, किंवा हायड्रॉलिक असेल तर सिलिंडर गळत असल्यामुळंही होतं. केबल अ‍ॅडजस्ट करून बघा, फ्लुइडची लेव्हल बघा, मग पुढचं.

सामान घेताना पूर्ण सेटच घ्या, म्हणजे क्लच प्लेट, तिला फ्लायव्हीलवर (इंजिनच्या मागच्या जड चकतीवर) दाबून धरणारी प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग. दुकानात चेसिस नंबर सांगा, नुसतं मॉडेलचं नाव सांगून भागत नाही, कारण त्याच गाडीला पेट्रोलची प्लेट वेगळी, डिझेलची वेगळी. सोबत क्रँकचं (इंजिनच्या मुख्य दांड्याचं) मागचं ऑइल सील, गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सील, दोन्ही ड्राइव्ह शाफ्टची सीलं आणि मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचं गिअर ऑइल. ही सीलं प्लेटच्या मानानं किरकोळ किमतीची असतात, आणि त्यातलं क्रँकचं किंवा इनपुट शाफ्टचं गळलं तर नवी प्लेट तेलात भिजून वाया जाते, तिथं काटकसर करू नका. काही गाड्यांचा क्लचचा सिलिंडर बेल हाउसिंगच्या (क्लच झाकणाऱ्या गिअरबॉक्सच्या कवचाच्या) आतच शाफ्टभोवती असतो, तसा असेल तर तोही आत्ताच नवा टाका. हायड्रॉलिक क्लचला लागणारं ब्रेक फ्लुइड सीलबंद डब्यातलंच घ्या, उघडा डबा हवेतलं पाणी ओढतो.

हत्यारात गोटी पान्याचा सेट, लांब एक्स्टेंशन, टॉर्क रेंच, प्लेट सेंटर करायचं टूल, उचललेली गाडी टेकवायला दोन मजबूत घोड्या, ट्रॉली जॅक, इंजिनला खालून टेकू द्यायला जाड लाकडी फळी. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरायचं नाही म्हणजे नाही. जागा सपाट आणि पक्की पाहिजे, मातीत घोडी रुतते. आणि एकट्यानं करू नका, छोट्या गाडीचा गिअरबॉक्स पण 30-40 किलोला जातो आणि तो छातीवर घ्यायची वस्तू नाही. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा. मास्क लावा, जुनी धूळ हवेच्या प्रेशरनं उडवू नका, ओल्या फडक्यानं पुसा, जुन्या प्लेटांमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचा.

आता गिअरबॉक्स खाली आला की लगेच नवी प्लेट चढवायला जाऊ नका, इथं अर्धा तास नीट बघायला ठेवा. बेल हाउसिंगच्या आत ओलं दिसलं तर बोटाला लावून वास घ्या, गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास येतो, तसा आला तर गिअरबॉक्सचं सील, आणि काळं, तसा वास नसलेलं तेल असेल तर बहुतेक क्रँकचं. जुनी प्लेट हातात घेऊन रिव्हेटं बघा, ती पृष्ठभागाच्या बरोबरीला आली असतील तर फ्लायव्हीललाही चरे पडले असणार, त्यावरनं नख आडवं फिरवा, अडकलं तर खोल आहे. निळे-जांभळे डाग म्हणजे तापलंय, आणि केसासारखी चीर दिसली तर फ्लायव्हील बदलायचंच. नुसते चरे असतील तर लेथवर साफ करून मिळतं, म्हणून एमआयडीसीतल्या लेथवाल्याशी आदल्या दिवशीच बोलून ठेवा, नाहीतर गाडी घोड्यांवर लटकून राहते. डिझेलमध्ये ड्युअल मास फ्लायव्हील (मध्ये स्प्रिंग असलेलं दोन भागांचं) असेल तर मात्र लेथचा विचार सोडा, हातानं डावी-उजवीकडं फिरवून त्यात किती खेळ आहे ते मॅन्युअलच्या मापाशी ताडून बघा. रिलीज बेअरिंग ढकलणाऱ्या फोर्कचं टोक झिजलंय का तेही बघा.

नवी प्लेट आधी गिअरबॉक्सच्या शाफ्टवर सरकवून बघा, अडखळायला नको. नव्या प्रेशर प्लेटवर गंज लागू नये म्हणून तेल लावलेलं असतं, ते आणि फ्लायव्हील ब्रेक क्लीनरनं पुसा, त्यानंतर ग्रीसचा हात लावू नका. शाफ्टच्या खाचांवर (स्प्लाइनवर) ग्रीस अगदी पुसट, जास्त झालं तर ते फिरताना उडून प्लेटवरच जातं. प्लेटची कुठली बाजू फ्लायव्हीलकडं ते तिच्यावर लिहिलेलं असतं, वाचा. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळा, आणि गिअरबॉक्स चढवताना त्याचं वजन शाफ्टवर लोंबू देऊ नका, नवी प्लेट तिथंच वाकते.

स्टार्टर मारायच्या आधी गिअर ऑइल भरलंय का बघा. पहिले 400-500 किलोमीटर घाट आणि ओझं टाळा, कोरेगाव रस्त्याला सपाटीवर फिरवा, आणि पहिल्या रात्री गाडी लावताना गिअरबॉक्सखाली पुठ्ठा अंथरा, सकाळी त्यावर थेंब आहे का ते बघायला.