आत्मसन्मानाच्या चढउतारावर पीएचडी करताय? या चुका टाळा

प्रबंधाच्या शीर्षकात ‘अस्थिर आत्मसन्मान’ आणि आत रोझेनबर्ग मापनी एकदाच भरून घेतलेली. या विषयात सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. रोझेनबर्ग यांची १९६५ ची दहा विधानांची मापनी माणूस एरवी स्वतःला किती मोल देतो ते सांगते. ते मोल आठवड्याभरात किती हलतं, हे एका आकड्यातून निघत नाही. नमुना पाचशेंचा असला तरी नाही. ‘तुमचा आत्मसन्मान किती बदलतो?’ असं थेट विचारणं ही पळवाट आहे. त्यातून समोरच्याचा स्वतःबद्दलचा समज कळतो, चढउतार नाही.

मायकेल कर्निस आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये वेगळी वाट धरली. त्याच माणसांकडून काही दिवस वारंवार नोंदी घेतल्या आणि त्या नोंदींचं प्रमाण विचलन (नोंदी सरासरीभोवती किती पसरल्यात ते माप) म्हणजे अस्थिरता मानली. राग आणि वैरभाव सर्वाधिक दिसला तो उंच पण अस्थिर आत्मसन्मान असणाऱ्यांत, सर्वात कमी उंच आणि स्थिर असणाऱ्यांत. पातळी सारखी, माणसं वेगळी!

माहिती गोळा करून झाली असेल तर? शीर्षक बदला, आणि लवकर बदला. किंवा मार्गदर्शकांशी बोलून आणि नीतिविषयक समितीची परवानगी घेऊन नमुन्यातल्या काही जणांकडून आठवडाभर रोजच्या नोंदी घ्या. मात्र तेव्हा विधानांचे शब्द ‘आत्ता, या क्षणी’ असे हवेत. ‘सर्वसाधारणपणे’ असं रोज विचारलं की लोक कालचंच उत्तर पुन्हा देतात. हेदरटन आणि पोलिव्ही यांची १९९१ ची वीस विधानांची मापनी अशा क्षणिक आत्मसन्मानासाठीच आहे. कामगिरी, लोकांतली प्रतिमा आणि दिसणं असे तिचे तीन भाग आहेत.

प्रमाण विचलनावर विसंबणं

दोघांच्या सहा दिवसांच्या नोंदी घ्या (आकडे कल्पित). पहिल्याच्या २०, २०, २०, ३०, ३०, ३०. दुसऱ्याच्या २०, ३०, २०, ३०, २०, ३०. दोघांची सरासरी २५, प्रमाण विचलनही अगदी सारखं. पण पहिला एकदाच वर चढून स्थिरावलाय, दुसरा रोज हेलकावे खातोय. लागोपाठच्या नोंदींतल्या फरकांचे वर्ग करून त्यांची सरासरी काढा: पहिल्याची २०, दुसऱ्याची १००. प्रबंधात दोन्ही मापं द्या. क्रमाकडे न पाहता चढउतारावर बोलणं मला तरी पटत नाही.

दुसरी खोच मापनीच्या टोकांची. सरासरीच ३९ आणि कमाल गुण ४० असतील तर हलायला जागाच उरत नाही. म्हणून अस्थिरतेचा नैराश्याशी संबंध तपासताना पातळी विश्लेषणात घ्यायलाच हवी. नाहीतर कमी आत्मसन्मानाचाच परिणाम तुम्ही अस्थिरतेच्या नावावर खपवाल. तोंडी परीक्षेत हा प्रश्न येणारच, असं धरून चला.

विश्वसनीयता गुणांक (मापनीतली विधानं एकमेकांशी किती जुळतात त्याचा आकडा) अचानक घसरला, तर आधी उलट गुणांकन, म्हणजे नकारात्मक विधानांचे गुण उलटे मोजलेत का, ते पाहा. रोझेनबर्गमधली दहापैकी पाच विधानं नकारात्मक आहेत.

कार्यकारण आणि उसनं पाठबळ

सोविस्लो आणि ऑर्थ यांचं २०१३ चं महाविश्लेषण (अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र मोजणारं) सगळेच उद्धृत करतात. नैराश्यावरच्या ७७ दीर्घकालीन अभ्यासांतून त्यांना दिसलं की कमी आत्मसन्मानाकडून नैराश्याकडे जाणारा परिणाम उलट दिशेपेक्षा मोठा आहे. चिंतेच्या बाबतीत दोन्ही दिशा जवळपास सारख्या. पण हे सगळं पातळीबद्दल आहे. चढउताराच्या गृहीतकाखाली हा संदर्भ चिकटवू नका. स्वतः दोन-तीन टप्प्यांत मोजणार असाल तर हामाकर आणि सहकाऱ्यांचा २०१५ चा आक्षेपही वाचा: नेहमीचं क्रॉस-लॅग प्रतिमान (एका टप्प्यावरची एक गोष्ट पुढच्या टप्प्यावरच्या दुसरीचा अंदाज देते का, ते पाहणारं) माणसामाणसांतला फरक आणि एकाच माणसातला बदल यांची सरमिसळ करतं. त्यांचं सुधारित प्रतिमान वापरायचं तर किमान तीन टप्पे लागतात. हे माहिती घेण्याआधी ठरवा, नंतर उपाय नसतो.

रात्री आलेलं उत्तर

नैराश्य मोजणाऱ्या पीएचक्यू-९ या नऊ प्रश्नांच्या प्रश्नावलीतला नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. उत्तरं फोनवरून रात्री येतात, आणि संशोधक ती महिन्याअखेरीस एकदम उघडतो. असं चालणार नाही. ते उत्तर रोज कोण पाहील, किती तासांत संपर्क करेल, कोणत्या समुपदेशकाकडे पाठवेल आणि यासाठी गोपनीयता कुठवर शिथिल होईल, हे संमतिपत्रात लिहा. ही सोय उभी करणं शक्य नसेल, तर तो प्रश्न वगळलेली आठ प्रश्नांची आवृत्ती वापरा आणि मदतीचे क्रमांक मात्र प्रत्येकाला द्या.