ट्रोलिंगच्या लाइनीवर कॅमेरा: या चुका टाळा

कोकण किनाऱ्यावर हौशी ट्रोलिंग (चालत्या बोटीमागे गळ ओढत मासे पकडणं) करणाऱ्यांमध्ये एक तक्रार नेहमी ऐकू येते. शेजारच्या रॉडवर सुरमई लागते, कुपा लागतो, आणि कॅमेरा बांधलेली लाइन मात्र दिवसभर गप्प. मग ‘मासा कॅमेऱ्याला बुजतो’ असा निष्कर्ष निघतो. कधीकधी तो बुजतोही. पण बहुतेक वेळा दोष वेगळाच असतो: कॅमेऱ्यामुळे ल्यूरची (नकली आमिषाची) चालच बिघडलेली असते, आणि न बिघडलेला ल्यूर कसा पोहतो हे त्या फितीत दिसूच शकत नाही.

पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ४ नॉटवर शांतपणे मागे येणारा कॅमेरा ८ नॉटवर चौपट ओढ देतो. झालर लावलेला पृष्ठभागावरचा ल्यूर मधूनमधून वर येतो, हवा ओढतो आणि बुडबुड्यांची शेपटी सोडत पुन्हा खाली जातो. त्याच्यापुढे जड कॅमेरा आला की तो खालीच दाबला जातो आणि नुसता सरळ ओढला जातो. अशा ल्यूरसाठी कॅमेरा लाइनीत बांधूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याऐवजी बिनगरीचं टीझर (मासे नुसते भुलवणारं आमिष) असलेली एक वेगळी लाइन सोडा आणि कॅमेरा तिच्यावर ठेवा. मासे टीझरमागे येतात, चित्रीकरण होतं, आणि गरीच्या लाइनी मोकळ्या राहतात.

बुडी मारणाऱ्या कडक ल्यूरला कॅमेरा जास्त मानवतो. तरी खोलीत फरक पडतोच. रापाला एक्स-रॅप मॅग्नम ३० हा ल्यूर साधारण ९ मीटरपर्यंत उतरतो असं कंपनी सांगते. कॅमेरा जोडल्यावर तो तिथवर उतरेल, हे गृहीत धरू नका.

जोडणी नीट झाली की नाही, हे सोडण्याआधीच कळतं. बोट ट्रोलिंगच्या वेगावर असताना कॅमेरा आणि ल्यूर बाजूच्या स्वच्छ पाण्यात धरून मिनिटभर बघा. कॅमेरा स्वतःभोवती फिरत असेल तर त्याचे पंख वाकलेत किंवा वजन एका बाजूला आहे. फिरणारा कॅमेरा थोड्याच वेळात तंगुसाला इतका पीळ देतो की ती लाइन पुन्हा वापरता येत नाही. कॅमेऱ्याच्या पुढे आणि मागे दोन्हीकडे बॉल-बेअरिंगचं स्विव्हल (फिरती कडी) हवं. साधं स्विव्हल ताणाखाली नीट फिरत नाही.

माशाची ओढ कॅमेऱ्याच्या प्लास्टिकवरून जाता कामा नये, ही बाब मात्र अनेक जण बघतच नाहीत. मुख्य लाइन ते लीडर (ल्यूरपुढचा मजबूत तुकडा) असा भार सलग जायला हवा आणि कॅमेरा त्या भाराला नुसता टांगलेला असावा. कॅमेऱ्याच्या स्क्रूवर किंवा क्लिपवर मोठा मासा तोलायला गेलात की मासा आणि कॅमेरा दोन्ही जातात. सुरमईचे दात लक्षात घेऊन ल्यूरपुढे वायर असतेच, पण चकचकीत कॅमेऱ्यावरही बॅराकुडा झडप घालतो. तेव्हा कॅमेऱ्याच्या पुढेही थोडी वायर ठेवा आणि धातूचा चमकणारा भाग काळ्या टेपने झाका.

ड्रॅग, म्हणजे किती ओढीला रील लाइन सोडतं ते, पुन्हा मोजायला विसरू नका. लाइनीच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांशावर ड्रॅग लावायची पद्धत आहे. कॅमेऱ्याची सततची ओढ त्यातला काही भाग आधीच खाते. रील मध्येच थोडं थोडं सुटत असेल, तर ‘चावा’ म्हणून धावण्याआधी हे तपासा.

फितीत फक्त पांढरा फेस दिसत असेल, तर कॅमेरा बोटीच्या पंख्याने ढवळलेल्या पाण्यात आहे. लाइन आणखी लांब सोडा किंवा बाजूच्या निवळ पट्ट्यात न्या. वळताना आतल्या बाजूच्या लाइनीचा वेग कमी होतो आणि ती खाली बसते. जड कॅमेरा असेल तर सरळ दुसऱ्या लाइनीखाली जातो. म्हणून कॅमेरा बाहेरच्या बाजूला ठेवून रुंद वळण घ्यायला तांडेलाला (बोट चालवणाऱ्याला) आधीच सांगून ठेवा. मासा लागल्यावर बोट थांबली की हाच कॅमेरा बुडायला लागतो, तेव्हा ती लाइन आधी आत घ्या.

हिरवट धुकं दिसणं हा सेटिंगचा दोष नसतोच बऱ्याचदा. खाडीच्या मुखाजवळ आणि उधाणाच्या दिवसांत गाळ ढवळतो. भांगाच्या (लहान भरतीच्या) दिवसांत पाणी निवळतं. दोन मीटरपलीकडे दिसत नसेल तर ल्यूर कॅमेऱ्यापासून एका मीटरवर आणा, नाहीतर त्या दिवशी कॅमेरा पेटीतच राहू द्या. लाल रंग पाणी सगळ्यांत आधी गिळतं. निवळ, निळ्या पाण्यात पाच-सहा मीटरखाली लाल फिल्टर उपयोगी पडतो. गढूळ पाण्यात तो उरलासुरला उजेडही खातो.

४केचा हट्टही सोडा. ६० एमबीपीएसने चित्रण केलं तर तासाला सुमारे २७ जीबी भरतात आणि बॅटरी त्याआधीच मान टाकते. १०८०पी, सेकंदाला ६० फ्रेम पुरतात, आणि झडपेचा क्षण हळू करून बघताही येतो. वायफायवर थेट चित्र बघायचा खटाटोप नको. खारं पाणी ती लहर काही सेंटीमीटरमध्येच शोषून घेतं.

वेगामुळे पाणी आत शिरतं, हा समज बराचसा खोटा आहे. ७ नॉटवर समोरून येणारा दाब जेमतेम पाऊण मीटर खोलीच्या पाण्याइतका असतो. पाणी शिरतं ते लाटेवर आपटून कॅमेऱ्याचं दार उघडल्याने किंवा ओ-रिंगवर (दाराच्या रबरी कड्यावर) केस, वाळूचा कण, मिठाचा खडा राहिल्याने. गोप्रो हिरो ५ पासूनची बहुतेक मॉडेल्स नुसत्या अंगाने १० मीटरपर्यंत चालतात, तरी ओढायच्या कॅमेऱ्याला वेगळं हाउसिंग (पाणीबंद कवच) घालाच. हाउसिंग घरी, कोरड्या हवेत बंद करा; मे महिन्यात बोटीवर बंद केलं की आतली दमट हवा लेन्सवर धुकं धरते. कॅमेरा उन्हात तापू देऊ नका, पण थंड करायला बर्फाच्या पेटीतही टाकू नका, सावलीत ओल्या फडक्याखाली ठेवा. परतल्यावर आधी गोड्या पाण्यात बुडवून ठेवा, मगच उघडा.

घरी आल्यावर सगळे फितीतला मासा शोधतात. आधी ल्यूर बघा. गरीला जेलीफिश किंवा प्लॅस्टिकची दोरी अडकून तो किती वेळ आडवा ओढला जात होता, हे बोटीवरून कळत नाही. मासा मागे येऊन वळत असेल तर नेमक्या त्या क्षणी बोटीचा वेग किती होता, वळण चालू होतं का, हे जुळवा. त्यासाठी निघताना कॅमेऱ्याचं घड्याळ जीपीएसच्या वेळेशी मिळवून घ्या. आणि माशाचा आकार ठोकून देऊ नका: लेन्सजवळ आलेली छोटी सुरमईही राक्षस वाटते. ती ल्यूरच्या बरोबरीने, तितक्याच अंतरावर असते त्या फ्रेममध्ये १६ सेंटीमीटरच्या ल्यूरशी ताडून बघा.