जवळा ओळखायचा तर पाय मोजा

बारीक दिसलं की जवळा, असा आपल्याकडे सरसकट हिशेब. कालवणापुरता तो चालतोही. पण वसईकडच्या कॉलेजात प्राणिशास्त्राचं प्रॅक्टिकल घेताना मुलं जो वाटा आणायची, त्यात खऱ्या जवळ्याबरोबर करंदी ही दुसरी बारीक कोळंबी असायची, मोठ्या कोळंबीची पिल्लं असायची, आणि वर मुलांची पैज की सगळा एकच माल आहे.

खरा जवळा म्हणजे अ‍ॅसिटिस हा वंश. आपल्या किनाऱ्यावर मुख्यतः अ‍ॅसिटिस इंडिकस. हे नाव मिल्न-एडवर्ड्स या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने १८३० साली दिलं. पूर्ण वाढला तरी साधारण ४ सेंटिमीटर. लांबीवरून मात्र निर्णय करू नका, कोळंबीचं पिल्लूही तेवढंच असतं.

सकाळी ताजा वाटा घ्या आणि मावशींना सांगा, "धुऊ नका, असाच द्या." चोळून धुतलं की पाय आणि मिशा आधी तुटतात. काचेच्या बशीत पाणी घ्या, बशीखाली काळा कागद ठेवा आणि एकेक प्राणी टाचणीने कुशीवर वळवा. दहापट मोठं दाखवणारं भिंग पुरतं.

आता पाय मोजा. पोटाखालचे पोहायचे वल्ह्यासारखे पाय सोडा, छातीखालचे चालायचे बघा. कोळंबीला ते पाच जोड्या असतात, करंदीलाही पाच. जवळ्याला तीनच, मागच्या दोन जोड्या नाहीतच. इथे एक गंमत होते. तोंडाजवळची एक लांब जोडी हुबेहूब पायासारखी दिसते, म्हणून मुलं हमखास चार मोजायची. अशा वेळी टोक बघायचं. जवळ्याच्या तिन्ही खऱ्या पायांना टोकाशी अगदी बारीक चिमटा असतो, तोंडाजवळच्या जोडीला नसतो. चिमटा दिसायला भिंग डोळ्याशी आणि बशी भिंगाशी, असं चिकटून बसावं लागतं. मोडका प्राणी आला तर बाजूला सारा, दुसरा घ्या. वाट्यात काय कमी असतात?

करंदी त्याआधीच हेरता येते. डोक्यावरचा काटा लांब, पुढे वर वळलेला. जवळ्याचा इतका आखूड की शोधावा लागतो. करंदीच्या पोटाच्या दुसऱ्या वलयाची बाजूची पाकळी पहिल्या आणि तिसऱ्या अशा दोन्ही वलयांवर चढलेली असते. आणि पोटाखाली अंडी चिकटलेली दिसली तर तो जवळा नव्हे. जवळ्याची मादी अंडी पाण्यात सोडून मोकळी होते.

शेपटीच्या पाकळ्यांवरचे लाल ठिपके ताजेपणीच टिपून ठेवा, स्पिरिटमध्ये रंग उडतो. इंडिकसमध्ये शेपटीच्या मधल्या पात्याचं टोक त्रिकोणी असतं. पण मुंबईच्या पाण्यात या वंशाची दुसरी जातही मिळते, त्यामुळे नुसत्या शेपटीवर जातीचं नाव ठोकू नका. त्यासाठी नराचं जननांग सूक्ष्मदर्शकाखाली बघावं लागतं. ते जमत नसेल तर वहीत 'अ‍ॅसिटिस' एवढंच लिहा. अर्धवट पण खरी नोंद मला पूर्ण पण अंदाजपंचे नोंदीपेक्षा केव्हाही चालेल.

कुठे शोधायचा? किनाऱ्यालगतच्या उथळ, गढूळ, ओढीच्या पाण्यात. वर्सोवा, उत्तन, अर्नाळा, मग वर गुजरातेत जाफराबाद हा याचा खरा पट्टा, आणि तोच डोल या जाळ्याचाही. डोल म्हणजे ओढीच्या तोंडाशी बांधलेली मोठी पिशवी. पाणी आपणच माल आत आणतं. म्हणून उधाणाला डोल भरते, भांगाला, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सगळ्यात कमी असतो तेव्हा, हात चोळत बसावं लागतं. मुंबईला उधाणात पाणी चार-पाच मीटर चढतं-उतरतं, खंभातच्या आखातात त्याच्या दुप्पट, गोव्याला जेमतेम दोन. दक्षिणेकडे डोल विरळ होते आणि जवळ्याच्या नोंदीही विरळ होतात. त्यातलं किती जवळ्यामुळे आणि किती जाळ्यामुळे, हे नकाशात ठिपके भरताना विसरू नये. पूर्वेला हाच प्राणी बंगालच्या उपसागरातून मलेशिया-इंडोनेशियापर्यंत मिळतो. तिकडे जवळ्याचा खारवून वाटलेला गोळा करतात.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना बंदी असते, तेव्हा बाजारात ताजा जवळा कमी दिसला म्हणून समुद्रातून गेला असं लिहू नका. जिथून बोंबील येतो तिथे चौकशी करा. बोंबलाचं ते आवडतं खाणं आहे, पोट फाडलं की बरेचदा जवळाच निघतो. तो अर्धा विरघळलेला असतो, पण काळे डोळे शाबूत राहतात.

प्रत्येक नमुन्याच्या चिठ्ठीवर तारीख, बंदर, जाळं आणि उधाण की भांग एवढं पेन्सिलीने लिहा. शाई स्पिरिटमध्ये पसरते. सुक्या जवळ्यात पाय मोजायला जाऊ नका, ते मोडलेलेच असतात. कोमट पाण्यात थोडा वेळ भिजवून डोक्यावरचा काटा बघा. आणि सुका माल ज्या बाजारात घेतला ते त्याचं ठिकाण नव्हे. मालवणात घेतलेला जवळा वरून, थेट पालघरकडून आलेला असू शकतो. विकणारीला बंदर विचारा, तिला माहीत असतं.