फेलोशिपचा अर्ज भरताय? या चुका टाळा

वनस्पतिशास्त्रात पीएचडी करणारी सोलापूरची मुलं फेलोशिपचा प्रस्ताव मला वाचायला देतात. प्रयोगांचा भाग बहुतेकांचा बरा असतो. गाडी अडते ती ‘संशोधन लोकांपर्यंत कसं पोहोचवणार?’ या रकान्यात. तो आदल्या रात्री भरलाय हे दुसऱ्याच ओळीत कळतं. ‘शेतकऱ्यांमध्ये जनजागृती केली जाईल.’ कोण करणार, कुठल्या गावात, कुठल्या महिन्यात? पत्ता नाही.

एका विद्यार्थिनीचा विषय होता डाळिंबावरचा तेल्या रोग. विषय झकास. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र इथंच केगावला, सांगोल्याचे बागायतदार नात्यातले. तिने जुलैमध्ये शिवारफेरी योजली होती: सकाळी रोगट बाग, दुपारी निरोगी, म्हणजे लोकांना फरक दिसेल. प्रस्तावाला फोटो हवेत म्हणून एक फेरी आधीच काढली. दुसऱ्या बागेच्या बांधावरच मालक आडवा आला. “ताई, सकाळी कुणाच्या बागेत होता? मग आत पाय टाकू नका.”

त्याचं शंभर टक्के बरोबर होतं. तेल्या हा झँथोमोनास जिवाणूचा रोग. दमट हवेत तो फोफावतो, पावसाच्या शिंतोड्यांनी उडतो, छाटणीच्या कात्रीबरोबर आणि ओल्या झाडांना घासत फिरणाऱ्या माणसांबरोबरही पुढे सरकतो. म्हणजे जनजागृतीच्या नावाखाली ही मंडळी रोगच वाटत निघाली होती. निवड समितीत डाळिंबातला एक जाणकार असता, तर त्याने पहिला प्रश्न हाच विचारला असता.

फेरी काढायचीच असेल, तर निरोगी बाग आधी आणि रोगट बाग शेवटी. तीही पानं कोरडी असताना, आणि कात्री दर झाडानंतर सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवून. पण त्याआधी मी मुलांना भिंतीवरचं कॅलेंडर काढायला लावतो. मृग बहराच्या (पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्याच्या) फवारण्या चालू असताना बागायतदार तुमच्या सभेला येणार नाही, हॉलला कितीही पताका लावा. संक्रांतीला सोलापुरात सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेला मात्र गावंच्या गावं आपणहून येतात. तिथे एक टेबल टाका, रोगाचे मोठे फोटो मांडा. (फोटोच. रोगट फळं पिशवीत घालून आणणारेही पाहिलेत.) विषय मालदांडी ज्वारीचा असेल तर हुरड्याचे दिवस सोडू नका. तेव्हा शेतकरी आणि शहरातले लोक एकाच आगटीभोवती बसलेले असतात.

शेतावर चार सकाळी घालवायचा कंटाळा असलेल्यांना झेरॉक्सच्या दुकानात प्रस्तावाचा तयार नमुना मिळतो. समितीलाही तो पाठ झालेला असतो.

आता पैसे. जेआरएफला (ज्युनियर रिसर्च फेलोला) १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये मिळतात, दोन वर्षांनी एसआरएफ (सीनियर रिसर्च फेलो) झाल्यावर ४२,०००. आकडा ऐकून हुरळू नका. यूजीसीची जेआरएफ असेल तर संस्थेने दरमहा ऑनलाइन पुष्टी केल्याशिवाय रक्कम खात्यात येत नाही. त्यामुळे तुमच्या विभागात हे काम कोणाकडे आहे ते पहिल्याच आठवड्यात शोधा, आणि त्या माणसाशी नीट बोला. सारथी, बार्टी किंवा महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांची फेलोशिप चालू असताना जेआरएफही उचलायची हुशारी करू नका. एका वेळी एकच. नाहीतर घेतलेली रक्कम परत भरावी लागते, आणि तोवर ती खर्च झालेली असते.

बाकीचं थोडक्यात. ‘महाराष्ट्रातील डाळिंबावरील सर्व रोग’ हा विषय नव्हे. एक तालुका, एक रोग पुरे. लोकांसाठीच्या कार्यक्रमाचा खर्च शून्य दाखवू नका, फ्लेक्स आणि जीपभाडं फुकट मिळत नाही. आधारवरचं नाव, बँकेतलं नाव आणि गुणपत्रिकेवरचं नाव एकच असू द्या. नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्राची मुदत आजच बघा. आणि मार्गदर्शकांची सही दिवाळीच्या सुट्टीआधी घ्या. नंतर ते गावाला जातात आणि फोन उचलत नाहीत.