पॅलेट कुठलं घ्यायचं, ते बॅरलला ठरवू द्या

नेमबाज स्वप्नील कुसाळेनं २०२४ला पॅरिस ऑलिम्पिकहून ब्राँझ आणलं तेव्हापासून रेंजवर आई-वडील एकच विचारतात: "काका, सगळ्यात भारी पॅलेट (एअर रायफलची शिशाची छोटी गोळी) कुठलं?" डबीची किंमत बघून ते ठरत नाही.

शिकारीच्या गोळीची तुलना ती जनावरात किती फुलते, किती खोल जाते यावर होते. आपल्याकडं वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीचा विषयच संपवला. आपल्या १० मीटर एअर रायफलला एकच हिशोब: दहा शॉट एकाच भोकात जातात का? केंद्रापासून पाव मिलीमीटर सरकलं की ०.१ गुण गेला. ६० शॉटमध्ये दरवेळी तेवढाच गेला तरी ६ गुण, म्हणजे फायनल हुकलीच म्हणा.

चाचणी खांद्यावरून नको. पोराचा श्वास मोजला जातो, पॅलेट नाही. रायफल क्लॅम्पमध्ये धरा. आमचा क्लॅम्प उद्यमनगरातल्या लेथवाल्याकडून करून घेतलाय, जबड्याला आतून रबर लावून. वेगवेगळ्या हेड साईजची (डोक्याचा व्यास, ४.४९, ४.५० मिमी असा) थोडी थोडी पॅलेट मागवा. आधी भिंगाखाली बघा: मागच्या पातळ स्कर्टला पोचा असला, शिशाचा बारीक कीस चिकटला असला की ते बाजूला.

पॅलेट बदललं की पहिले पाच-सहा शॉट मोजू नका, बॅरलमध्ये (नळीत) आधीचं शिसं असतं. मग दहा-दहा शॉटचे तीन ग्रुप (एकाच जागी नेम धरून मारलेल्या भोकांचा झुबका), प्रत्येक नव्या कागदावर. पाच शॉटच्या सुंदर ग्रुपवर भाळू नका, सहावा हमखास बाहेर जातो. रायफलच्या हवेच्या सिलेंडरचं प्रेशर मध्येच उतरू देऊ नका.

चपट्या डोक्याचं पॅलेट कागद गोल, स्वच्छ कापतं, म्हणून मोजणं सोपं. भोकाच्या बाहेरच्या कडेपासून समोरच्या बाहेरच्या कडेपर्यंत व्हर्नियर (मापाचा कॅलिपर) लावा, त्यातून पॅलेटचा व्यास ४.५ वजा करा. ७ मिमी आले तर खरा ग्रुप २.५. तिन्ही कागदांत सगळ्यात वाईट ग्रुप ज्याचा लहान, ते पॅलेट तुमचं. सगळ्यात चांगला ग्रुप बघून घेणारे फसतात.

आपल्या जुलैच्या दमट हवेत शिशावर पांढरी भुकटी धरते, डब्या घट्ट बंद ठेवा. आणि हात धुतल्याशिवाय वडापावला हात नाही!

जमलेल्या डबीवरचा लॉट नंबर टिपून त्याच नंबरच्या मिळतील तेवढ्या डब्या उचला. ब्रँड तोच, हेड साईज तीच, पण लॉट नवा असला तर क्लॅम्प परत बाहेर काढायचा.