पंधरा दिवसांचा बाजार एकाच फेरीत कसा करावा

धान्य, कडधान्ये, साखर, मीठ, तेल हे जिन्नस कोरड्या जागी महिनोन्महिने टिकतात. आपल्याला पुन्हा पुन्हा दुकान गाठावे लागते ते ताज्या भाज्या, फळे आणि दूध यांच्यासाठी. त्यामुळे दोन फेऱ्यांमधले अंतर वाढवायचे असेल, तर किती आणायचे यापेक्षा आणलेले कोणत्या क्रमाने संपवायचे, हे आधी ठरवावे लागते.

सुरुवात घरातल्या साठ्यापासून करावी. कपाट, फ्रीज आणि फ्रीझर तपासून काय शिल्लक आहे ते लिहून काढावे. आपला नेमका खप ठाऊक नसेल, तर पुढच्या वेळी तांदळाचे किंवा पिठाचे पाकीट फोडताना त्यावर तारीख टाकावी आणि ते संपले की मधले दिवस मोजावेत. असा मोजलेला खप अंदाजापेक्षा कितीतरी भरवशाचा असतो.

यानंतर यादी न करता आधी जेवणांचा क्रम लावावा. पहिल्या तीन-चार दिवसांत पालेभाज्या, मशरूम आणि नाजूक फळे संपवावीत. त्यानंतर फ्लॉवर, ढोबळी मिरची आणि टोमॅटो घ्यावेत. शेवटच्या आठवड्यासाठी कोबी, गाजर, बीट, बटाटे, कांदे, सफरचंदे आणि संत्री राखून ठेवावीत. अख्खा लाल भोपळा तर याहूनही बराच जास्त टिकतो, मात्र एकदा चिरला की फ्रीजमध्ये ठेवूनही तो थोड्याच दिवसांत वापरावा लागतो. एक-दोन जेवणे मुद्दाम मोकळी सोडावीत, म्हणजे उरलेले अन्न वाया जात नाही. या क्रमावरून यादी आपोआप तयार होते. त्यात नसलेली नाशवंत वस्तू केवळ स्वस्त मिळते म्हणून उचलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

सर्वांत जास्त लक्ष साठवणुकीकडे द्यावे, कारण आखलेला बेत बहुतेक वेळा इथेच फसतो. फ्रीजचे तापमान ४ अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी आणि फ्रीझरचे उणे १८ अंश असावे. दाराचा भाग आतल्या कप्प्यांपेक्षा गरम राहतो, म्हणून दूध आत ठेवावे. पालेभाजी आधीच धुऊन ठेवू नये. पिवळी पाने काढून, कोरड्या कापडात किंवा कागदात सैलसर गुंडाळून डब्यात ठेवावी, म्हणजे पानांवरचा ओलावा टिपला जातो आणि ती लवकर सडत नाही. गाजर-बिटाचा पाला आणताक्षणी कापावा, कारण तो कंदातले पाणी ओढून घेतो आणि गाजरे मऊ पडतात. सफरचंद आणि पिकलेली केळी यांतून इथिलीन नावाचा वायू बाहेर पडतो, त्यामुळे शेजारची भाजी लवकर पिवळी पडते. ही फळे भाज्यांपासून दूर ठेवावीत. बटाटे आणि कांदे दोन्ही हवेशीर, कोरड्या, अंधाऱ्या जागी, पण वेगवेगळ्या टोपल्यांत ठेवावेत, कारण एकत्र ठेवल्यास दोन्ही लवकर खराब होतात. उजेडात राहून बराचसा हिरवा झालेला बटाटा टाकून द्यावा.

फ्रीझर असल्यास शेवटचे दिवस सोपे जातात. गोठवलेले मटार किंवा मका तयार मिळतात. ब्रेड आणल्याच दिवशी निम्मा गोठवावा. शिजवलेले अन्न फ्रीजमध्ये तीन ते चार दिवसच चांगले राहते, म्हणून जास्तीचे अन्न शिजवल्यापासून दोन तासांच्या आत, एका जेवणाला पुरेल एवढ्या लहान डब्यांत भरून, वर नाव आणि तारीख लिहून फ्रीझरमध्ये ठेवावे. दुधाची गरज मोठी असेल, तर शेवटच्या दिवसांसाठी टेट्रापॅकमधले जास्त टिकणारे दूध किंवा दूध पावडर आणावी; हा पॅक न फोडता फ्रीजबाहेरही टिकतो, मात्र फोडल्यावर फ्रीजमध्ये ठेवून काही दिवसांत संपवावा लागतो.

नवे सामान भरताना जुने पाकीट पुढे आणि नवे मागे ठेवावे. आठवडा उलटल्यावर एकदा सगळे उघडून पाहावे, आणि जे मऊ पडू लागले असेल त्याला त्याच दिवशीच्या जेवणात जागा द्यावी, मग ठरवलेला क्रम बदलला तरी चालेल. काय आधी संपले आणि काय पडून राहिले, याची नोंद पुढच्या यादीच्या कागदावरच करावी.