सोलापुरात नव्या फ्लॅटमध्ये राहायला येताय? आधी पाण्याची वेळ विचारा, मग पडदे घ्या

बार्शी, मंगळवेढा, अक्कलकोटकडून नोकरीसाठी किंवा मुलांच्या शाळेसाठी सोलापुरात येऊन फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते: "सगळं आहे हो, पण घटकाभर निवांत बसायला मिळत नाही." अंगण गेलं, ओटा गेला, आणि डोक्यावर नि पायाखालीही शेजारी आले. महागाच्या काचा बसवणं हा यावरचा अगदी शेवटचा उपाय. आवाज कधी होतो आणि कशामुळे होतो, एवढं कळलं तरी बरंच काम होतं.

१. घर दोनदा बघा, दुसऱ्यांदा रात्री

एजंट घर दाखवतो सकाळी अकराला, सगळे कामावर गेलेले असताना. तुम्ही रात्री नऊनंतर परत जा. दारं-खिडक्या लावून हॉलमध्ये दहा मिनिटं नुसते बसा. साखर पेठ, अशोक चौक, अक्कलकोट रोड या पूर्व भागात शेजारी यंत्रमाग असेल तर खडखड कानाला लागेलच, पण भिंतीला तळहात लावून हादराही बघा. हवेतून येणारा आवाज खिडकी लावून कमी होतो, भिंतीतून आणि जमिनीतून येणारा होत नाही. दमाणी नगर, रेल्वे लाइन्सकडे गाड्यांची सवय होते, मागाच्या हादऱ्याची झालेली मी फार कमी पाहिली. जुळे सोलापुरात शेजारचा रिकामा प्लॉट बघून खूश होऊ नका, तिथेच उद्या फरशी कापायचं मशीन लागणार. हाकेच्या अंतरावर मंगल कार्यालय आहे का, तेही विचारा.

भाड्याने घेत असाल तर करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. टँकरचा खर्च कुणाचा, हे त्यातच लिहून घ्या.

२. पाण्याचा दिवस आणि वेळ लिहून ठेवा

सोलापूरला रोज नळ येत नाही. उजनीचं पाणी लांबून आणायचं, मग ते भागवार सोडायचं. त्यामुळे काही दिवसांआड पाणी, आणि प्रत्येक भागाची वेळ निराळी. कुणाकडे पहाटे, कुणाकडे मध्यरात्री. त्या दिवशी अख्खी बिल्डिंग जागी असते. हौदावरची मोटर सुरू होते, टाकी भरून वाहते, जिन्यात "पाणी आलं का हो?" सुरू होतं, आणि पुढचे दोन-तीन तास प्रत्येक घरात धुणं आणि फरशी. म्हणून राहायला आल्या आल्या वॉचमनला किंवा तळमजल्यावरच्या काकूंना वेळ विचारा आणि कॅलेंडरवर खूण करा. परीक्षेचा अभ्यास, ऑनलाइन मीटिंग, लहान बाळाची झोप, तुमचं पुस्तक घेऊन बसणं, सगळं पाणी नसलेल्या दिवसांवर टाका. पाण्याच्या दिवशी शांततेची अपेक्षाच ठेवली नाही की चिडचिड निम्मी कमी.

मोटरचा आवाज मात्र कमी करता येतो. मोटर थेट काँक्रीटवर बोल्टने आवळलेली असेल तर तिचा हादरा पाइपांतून वरच्या मजल्यापर्यंत जातो. खाली जाड रबरी पॅड, पाइपाचे सैल क्लॅम्प आवळणं, आणि टाकी भरली की मोटर आपोआप बंद करणारा लेव्हल कंट्रोलर, एवढं सोसायटीच्या मीटिंगमध्ये मांडा. पाणी वाया जातं हे आधी बोला, आवाजाचं नंतर. पाण्याच्या मुद्द्यावर सोलापुरात कुणी नाही म्हणत नाही.

३. वरच्या मजल्याचा आवाज

खुर्ची ओढणं, पोरांच्या उड्या, मिक्सर हे सगळीकडचंच. इथला खास आवाज म्हणजे शेंगाचटणी कुटण्याचा. मिक्सरमधल्या चटणीला तेल सुटत नाही, ती उखळातच व्हायला हवी, हे मलाही मान्य आहे. पण फरशीवर ठेवलेल्या उखळात मुसळ पडलं की खालच्याच्या छताला ठोका बसतो. तक्रार घेऊन जाऊ नका, गोणपाट घेऊन जा.

"काकू, चटणीचा वास खालपर्यंत येतोय बघा."

"ये की, घेऊन जा वाटीभर."

"नेतो की. तेवढं उखळाखाली हे गोणपाट चौपदरी घालून बघता का? दुपारी बाळ दचकून उठतंय."

"अगं बाई, एवढं ऐकू जातंय व्हय खाली! आधी सांगायचं नाही का?"

बहुतेक वेळा इतकंच लागतं. वरच्यांना खरंच माहीत नसतं. पूर्व भागात राहत असाल तर काकूंच्या जागी अक्का म्हणा, दोन शब्द तेलुगू किंवा कन्नडचे शिका, बोलणं लवकर जुळतं. आणि हीच तपासणी आपल्या घरातही करा: खुर्च्या-टेबलाच्या पायांना फेल्टचे तुकडे, वॉशिंग मशीनखाली रबर.

४. दारं, खिडक्या आणि चादर

ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्यांच्या कडेची लोकरीची पट्टी झिजलेली असते, त्या फटीतून धूळ आणि आवाज दोन्ही येतात. काचवाला ती थोडक्यात बदलून देतो. मुख्य दाराखालच्या फटीला जुनी सोलापुरी चादर घट्ट गुंडाळून लावा. जाड पडदा किंवा भिंतीवर टांगलेली चादर बाहेरचा आवाज अडवत नाही, हे लक्षात ठेवा. रिकाम्या खोलीतला घुमारा मात्र ती कमी करते. नव्या घरात सामान कमी असतं तेव्हा हा घुमाराच जास्त त्रास देतो.

५. उन्हाळ्याची वेगळी तयारी

एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर जातो. पश्चिमेची बेडरूम आणि सगळ्यात वरचा मजला रात्रीसुद्धा तापलेला असतो. गच्चीवर चुन्याचा पांढरा हात मारून घ्या, फरक पडतो. हवा कोरडी असल्याने कूलर इथे चांगला चालतो, फक्त तो लोखंडी स्टँडवर थरथरतो. कूलर आणि स्टँड यांच्या मध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे घाला. खडखड गेली की उरलेली घरघर उपयोगाचीच, तिच्यात रस्त्याचे हॉर्न बुडून जातात.

उन्हाचा एक फायदा आहे. दुपारी एक ते चार रस्ते ओस पडतात, फेरीवालेही सावली धरतात. जाड पडदे ओढून घेतले तर दिवसातला सगळ्यात शांत वेळ हाच.

६. गजबजाटाचे दिवस आधीच ओळखा

जानेवारीत संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांची यात्रा असते. नंदीध्वजांची, म्हणजे उंच सजवलेल्या काठ्यांची मिरवणूक, अक्षता सोहळा, आणि होम मैदानावरचा गड्डा, म्हणजे जत्रा. त्या भागात घर असेल तर गाडी कुठे लावायची ते ठरवून ठेवा आणि सरळ यात्रेत सामील व्हा. सोलापुरात राहून गड्ड्याला कंटाळणं काही बरोबर नाही. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयांचा रथ निघतो. शिवजयंती, आंबेडकर जयंती, गणपती हे तर आहेतच.

बाकी दिवसांसाठी कायदा आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. समजावून ऐकलं नाही तर ११२ ला फोन करा. शेजाऱ्याशी मात्र आधी बोला, पोलीस निघून जातात, शेजारी राहतो.

७. घराबाहेरची एक जागा धरा

दोन खोल्यांत चार-पाच माणसं असली की घरात कोपरा मिळणं अवघड. गच्चीची किल्ली कुणाकडे असते ते सेक्रेटरींना विचारा. पहाटेचा चहा तिथे नेता येतो. शहरात सिद्धेश्वर मंदिर चारी बाजूंनी तलावात आहे, पहाटे तिथे गर्दी नसते. संध्याकाळी आणि सोमवारी जाऊन शांतता मिळणार नाही. वाचायचं असेल तर हिराचंद नेमचंद वाचनालय. विजापूर रोडच्या बाजूला असाल तर कंबर तलाव जवळ पडतो, हिवाळ्यात पाहुणे पक्षीही असतात. आणि अगदीच जीव कोंडला तर बार्शी रस्त्यावर वीसेक किलोमीटरवर नान्नजचं माळढोक पक्ष्यांचं अभयारण्य आहे. माळढोक दिसेल या आशेने जाऊ नका, तो आता फार दुर्मिळ झालाय, काळविटं दिसतात. सकाळी लवकर निघा, पाणी आणि टोपी घ्या, माळावर सावली नाही.